अकरा वीसच्या गाडीने काय गेलं?

१

सोमवारी सकाळी अकरा पस्तीसला स्टेशनमास्तर ओल्डरॉइड यांनी बिस्किटांचा डबा उघडला, तेव्हा त्यात दोरीचा एक गुंडा सोडून काहीही नव्हतं.

तो डबा तीन आठवडे तिकीटघरातल्या फळीवर होता. त्यात आमच्या एलरविक गावाची एकशे सत्याऐंशी पत्रं होती. रेल्वेने स्टेशन बंद केलं तर कुणाचं काय अडेल, ते ज्याने त्याने आपल्या हाताने लिहून दिलेलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी अकरा वाजता, थॉर्सगिलच्या नगरभवनात सुनावणी होती आणि समितीचा नियम साधा होता: ज्याचं पत्र टेबलावर, त्यालाच बोलायची मुभा. पत्रं नाहीत म्हणजे गाव मुकं. आणि गाव मुकं राहिलं की १८६१ पासून चाललेलं आमचं स्टेशन नाताळाच्या आत बंद.

ओल्डरॉइड माझ्या चहाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. गाडी दहा मिनिटं उशिरा आहे हे सांगताना त्यांचा जो आवाज असतो, तोच आवाज.

"मिसेस पिकर्सगिल, डबा रिकामा आहे."

"असा कसा रिकामा? दहा चाळीसला मी स्वतः बेकरीवाल्याचं पत्र आत ठेवलं. गठ्ठा तपकिरी कागदात गुंडाळून दोरी बांधली."

"दोरी आहे," ते म्हणाले.

मी ॲडा पिकर्सगिल. एलरविकच्या फलाट क्रमांक एकवर एकोणीस वर्षं चहाची खोली चालवते. क्रमांक दोन आमच्याकडे नाही, पण पाटी लावली की बरं दिसतं. या स्टेशनावरून दूध जातं, लोकर जाते, नाताळात पिसं काढलेल्या कोंबड्या गळ्यात पत्त्याची चिठ्ठी बांधून जातात. माझा नवरा इथूनच युद्धावर गेला. माझा भाऊ सिरिल इथूनच गेला. तो कॅनडात असतो.

कोपऱ्यातल्या टेबलावर हेस्टर इबटसन बसली होती. हेस्टरने एकतीस वर्षं रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत काढली. छत्र्या, कवळ्या, एकदा तर जिवंत बदक. सगळ्याचे मालक तिने शोधून काढले. सात वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ती गावी आली, तेव्हापासून रोज माझ्याकडे दोन तास बसते आणि एक कप चहा घेते. टपालतिकिटं जमवायचा तिला नाद. दर नाताळात ती मला सिरिलच्या पाकिटावरचं कॅनडाचं तिकीट मागते आणि दर नाताळात माझ्या हातून ते पाकीट चुकून शेगडीत गेलेलं असतं.

हेस्टरने कप खाली ठेवला. "स्टेशनात वस्तू हरवत नसते, मिस्टर ओल्डरॉइड. ती कुठेतरी गेलेली असते."

"हरवली कुठे? चोरली," ओल्डरॉइड म्हणाले. "आणि कुणी, ते मला ठाऊक आहे."

२

त्यांना ठाऊक होतं ते नाव वॉल्टर सग्डन. आमचा हमाल. दिवे भरणारा, पार्सलं उचलणारा, फुलझाडांना पाणी घालणारा, थोडक्यात सगळं स्टेशन चालवणारा माणूस. ओल्डरॉइड फक्त शिट्टी वाजवतात.

"गेल्याच आठवड्यात हा गुत्त्यात म्हणाला, बंद होऊ दे एकदाचं, माझी पाठ तरी सुटेल," ओल्डरॉइड म्हणाले. "वीस माणसांनी ऐकलंय."

"मी तर दर आठवड्याला म्हणतो," वॉल्टर म्हणाला. तो नुकताच दिव्यांच्या खोलीतून आला होता आणि माझ्या पांढऱ्या कपाला त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. "बायको मरू दे असंही म्हणतो. ती ठणठणीत आहे."

"तिकीटघरात तू तीनदा गेलास."

"पार्सलं आत नेऊन ठेवायची कुणी, साहेब? पाद्र्याने?"

"संध्याकाळपर्यंत पत्रं आली नाहीत, तर मी वरच्या कचेरीला कळवणार. लिहून ठेवतो आहे." आणि खरंच त्यांनी आपल्या जांभळ्या अंगठ्याने कागद पुढे ओढला. तिकिटांवर शिक्के मारून मारून ओल्डरॉइडांचा अंगठा आणि पहिलं बोट बारा महिने जांभळं असतं.

वॉल्टरने कप अर्धा तसाच ठेवून दिला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याविरुद्ध कधी ओळ लिहिली गेली नव्हती. मला इतका राग आला की हातातली किटली मी आदळलीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? ओल्डरॉइडांची बदली थॉर्सगिलच्या मोठ्या स्टेशनात होणार, हे साऱ्या गावाला माहीत होतं. इथलं बंद पडलं तर त्यांचं काही बिघडत नव्हतं, आणि तिकीटघराची किल्ली त्यांच्याच खिशात असते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

"शोध घ्या माझ्या खिशांचा," ते म्हणाले.

हेस्टरने तेच केलं. ओल्डरॉइडांचे खिसे, वॉल्टरची पिशवी, माझी कपाटं, प्रतीक्षालयाची शेगडी, दिव्यांची खोली, फलाटावरच्या कुंड्या. शेगडीत दगडी कोळसा होता, कागदाची राख नव्हती. बाहेर जायचं दार एकच, ते माझ्या गल्ल्यासमोर. सकाळपासून त्या दारातून कुणी पुडकं घेऊन गेलं नव्हतं. मी काही आंधळी नाही.

"आणि अकरा वीसच्या गाडीने कोण गेलं?" हेस्टरने विचारलं.

वॉल्टरने टोपी काढून डोकं खाजवलं. "कुणीच नाही. आज एकही उतारू नव्हता. हे उद्या सुनावणीत बोलू नका."

म्हणजे गठ्ठा स्टेशनाबाहेर गेला नव्हता. आणि स्टेशनात नव्हता.

३

अजून दोन माणसं उरली होती.

पहिला क्लाइव्ह रशम. याच्या तीन बस आहेत आणि गाडी बंद पडली तर थॉर्सगिलचा रस्ता याचाच. तो दहा बावन्नच्या गाडीने आला होता, कारण त्याची बस टेकडीवर बंद पडली होती. मी त्याला मुद्दाम मोठ्याने विचारलं, "मिस्टर रशम, आज आमच्या गाडीने कसं काय?"

"हसा, हसा," तो म्हणाला. पिवळे कातडी हातमोजे त्याने चहा पितानासुद्धा काढले नव्हते. "बसचा एक भाग मागवायचा होता. पार्सलाचा अर्ज भरायला खिडकीपाशी पाऊण तास उभा होतो. मास्तर कोळसेवाल्याशी भांडायला मालधक्क्यावर गेलेले. अशी तुमची सेवा, आणि म्हणे बंद करू नका."

"उभे असताना तिकीटघरात कुणी दिसलं?" हेस्टरने विचारलं.

"खिडकीची फळी खाली पाडलेली होती. आवाज तेवढा आला. कुणीतरी हलक्या पावलांनी फिरत होतं. आणि बाई, मला ती पत्रं चोरायची गरज काय? रिकाम्या गाड्याच माझं काम करताहेत."

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं.

दुसरी नोरा हॅबरशॉ. विधवा बाई, माझ्याच वयाची, शांत. तिचा मुलगा कीथ व्यापारी जहाजावर असतो. दर सोमवारी ती आपल्या बागेतली फुलं आणून स्टेशनातल्या फुलदाण्या भरते. कुणी सांगितलेलं नाही, आपणहून. दर रविवारी दुपारी एक पंधराच्या गाडीने बहिणीकडे जाते.

"मी प्रतीक्षालयात होते," ती म्हणाली. "मग तू चहाला हाक मारलीस, ॲडा, तेव्हा आले."

ते खरंच. सव्वाअकराला मी फलाटाकडे तोंड करून ओरडले होते, "नोरा, ओतलाय गं, गार होईल." ती आली, बसली आणि कप तसाच ठेवला. मला वाटलं, साखर विसरले.

"फुलं कुठेकुठे ठेवलीस?" हेस्टरने विचारलं.

"नेहमीसारखीच. प्रतीक्षालयात. आणि खिडकीपाशी."

हेस्टरने पुढे काही विचारलं नाही. ती परत कोपऱ्यात येऊन बसली आणि तिने डब्यातला तो दोरीचा गुंडा माझ्या हातात दिला. दोरी ओलसर होती.

"वॉल्टरला बोलाव," ती म्हणाली. "आणि त्याला आज सकाळी काय काय उचललं ते पहिल्यापासून सांगू दे. पाठीच्या तक्रारीसकट."

४

वॉल्टरची पाठ म्हणजे लांबलचक पुराण, पण हेस्टर कान देऊन ऐकत होती.

"दहा बावन्नला कबुतरं आली," वॉल्टर सांगू लागला. "ब्रॅकनशॉच्या एझ्रा डायसनची, तीन टोपल्या. शर्यतीच्या सरावाची."

हे आमच्याकडे उन्हाळाभर चालतं. साठ-सत्तर मैलांवरचे कबुतरवाले आपल्या पाखरांच्या वेताच्या टोपल्या गाडीने आमच्याकडे पाठवतात. हमालाने त्या फलाटाच्या टोकाला न्यायच्या, झाकण उघडून पाखरं सोडायची, सुटण्याची वेळ चिठ्ठीवर लिहायची आणि रिकाम्या टोपल्या पुढच्या गाडीने मालकाला परत धाडायच्या. पाखरं टोपल्यांच्या आधी घरी पोचतात. सुटलेली कबुतरं आमच्या छपरावरून एक गोल घेतात आणि मग दिशा धरतात, ते बघायला मी हातातलं काम टाकून बाहेर येते.

"अकरा पाचला सोडली. टोपल्या ढकलगाडीवर रचल्या, तिकीटघराच्या फलाटाकडच्या दाराशी लावल्या आणि दिवे भरायला गेलो. अकरा वीस आली तशा डब्यात चढवल्या. आणि खरं सांगतो बाई, मी आता म्हातारा झालो. आज रिकामी टोपलीसुद्धा जड लागली. तिसरी."

हेस्टरने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"झाकणाचा पट्टा लावलेला होता का?" तिने विचारलं.

"तिसरीचा होता. मी कधी लावत नाही, रिकामी तर असते." मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तू कुणाला काही बोलू नकोस," हेस्टर म्हणाली. "एकतीस वर्षांत मी एवढंच शिकले, वॉल्टर. स्टेशनात चिठ्ठी लावून ठेवलेली कोणतीही वस्तू पुढे जाते. आत काय आहे, कुणी बघत नाही. स्टेशनाचा धर्मच तो."

वॉल्टर गेल्यावर मी विचारलं, "मग कुणी ठेवलं?"

"दोरी कापलेली नाही, सोडलेली आहे. ज्याला सगळाच गठ्ठा नाहीसा करायचा, तो दोरी सोडत बसेल? तो उचलेल आणि जाईल. दोरी सोडणाऱ्याला आतलं एक पत्र हवं होतं. आता सांग, डबा तीन आठवडे तिथेच आहे, मग आजच का? आज साडेदहाला मास्तरांनी काय चिकटवलं?"

मी दाराबाहेर बघितलं. सूचनाफलकावर ओल्डरॉइडांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: उद्या सर्व पत्रे लेखकाच्या नावासह सभेत मोठ्याने वाचली जातील.

"लिहिलेल्याची लाज नव्हती," हेस्टर म्हणाली. "लाज वाचलं जाण्याची होती. आता हात बघ. वॉल्टरने दोरी सोडली असती, तर ती काळी झाली असती. मास्तरांनी सोडली असती तर जांभळी. रशमने मोजे काढलेच नाहीत, आणि त्या जाड मोज्यांनी तुझी गाठ सुटणं शक्य नाही. दोरी स्वच्छ आहे आणि ओली आहे. आज सकाळी स्वच्छ, ओले हात कुणाचे होते?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते बोलावंसं वाटेना.

तीन वाजता हेस्टरने ब्रॅकनशॉ स्टेशनाला फोन लावला. डायसन अडीचलाच टोपल्या घेऊन गेला होता. त्याच्या घरी फोन नव्हता. मग तिने त्याच्या गल्लीतल्या गुत्त्याला लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. हेस्टरने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला दिसला.

"निरोप देतो म्हणाला. पण एझ्राचा रिवाज ठरलेला आहे. टोपल्या आल्या की धुतो, आणि तळाशी जुने कागद फाडून अंथरतो."

५

नोरा प्रतीक्षालयातल्या दाराची पितळी मूठ पुसत होती. ती मूठ आरशासारखी लखलखत होती, तरी पुसत होती.

हेस्टर तिच्याशेजारी बाकावर बसली. मी दार लावून घेतलं.

"मी लोकांच्या पिशव्या उघडण्यात जन्म घालवला, नोरा," हेस्टर म्हणाली. "नाव-पत्ता सापडेपर्यंत वाचायचं, पुढे नाही. तुझ्या पत्रात काय आहे ते मी विचारणार नाही. गठ्ठा कबुतरांच्या टोपलीत तू ठेवलास. परत काढणार होतीस. हो ना?"

नोराने फडक्याची घडी केली. मग ती बोलू लागली, आणि एकदा लागल्यावर थांबली नाही.

"फुलं ठेवायला तिकीटघरात गेले, दार उघडंच होतं. मला फक्त माझं हवं होतं. एकशे सत्याऐंशीत सापडेना. तेवढ्यात ओल्डरॉइडांचे बूट वाजले. फलाटाच्या दाराने बाहेर पडले, तर वॉल्टर दिव्यांच्या खोलीतून येताना दिसला. समोर टोपली होती. म्हटलं, पाच मिनिटांनी काढते. आणि ॲडाने हाक मारली."

"मीच मेलीने हाक मारली," मी म्हणाले.

"तू चहालाच बोलावलंस गं. मी गेले नसते तर सगळ्यांनी बघितलं असतं. बसले, आणि समोर गाडी आली आणि गेली. मला ओरडताही आलं नाही." तिचे डोळे भरले. "कीथ जहाजावर नाही. तो फेलवुडला आहे. पाच वर्षं झाली. पत्रात मी खरं लिहिलं, कारण समितीने विचारलं होतं ना, की तुमचं काय अडेल. रविवारी तिकडे बस नाही. दुसरं काहीच नाही. ही गाडी गेली तर माझा मुलगा खिडकीत बसून राहील आणि मी येणार नाही. पण ते मी समितीला लिहिलं होतं. साऱ्या गावासमोर वाचायला नाही."

फेलवुड म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. आमच्या स्टेशनापासून चौथा थांबा. त्या थांब्यावर उतरणाऱ्याकडे लोक बघायचं टाळतात, नाव काढायचं तर दूरच.

मी शेगडीकडे वळले आणि उगाच कोळसे हलवले. मी नोराला जवळ घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही.

"पत्रं गेली असतील तर वॉल्टरची नोकरी, तुझी खोली, सगळ्यांची गाडी... मीच घालवली," नोरा म्हणाली. "मी जाऊन मास्तरांना सांगते."

"उद्या अकरापर्यंत कुणी कुणाला काही सांगायचं नाही," हेस्टर म्हणाली.

ओल्डरॉइडांना तिने एवढंच सांगितलं की गठ्ठा ढकलगाडीवर राहिला आणि त्यांच्या स्टेशनाच्या शिस्तीने चोख पुढे रवाना झाला. ठेवला कुणी, हे हवं असेल तर आधी खिडकी पाऊण तास बंद का होती ते लिहावं लागेल. ओल्डरॉइडांनी वॉल्टरचा कागद खणात टाकला. पण फाडला नाही. ब्रॅकनशॉहून त्या दिवशी फोन आला नाही.

६

मंगळवारी दहा पाचच्या गाडीला आमच्या फलाटावर जितकी माणसं उभी होती, तितकी मी युद्ध संपल्यानंतर पाहिली नव्हती. पत्रं नाहीत हे सगळ्यांना कळलं होतं, तरी सगळे आले होते. रशमसुद्धा होता, त्याची बस अजून टेकडीवरच होती. नोरा एका टोकाला एकटी उभी होती, काळा कोट घालून.

थॉर्सगिलला उतरलो. समोरच्या फलाटावर ब्रॅकनशॉची गाडी लागत होती. तिच्यातून एक बुटका म्हातारा उतरला. एका हातात वेताची टोपली, काखेत तपकिरी पुडकं.

"एलरविकवाले कोण?" त्याने विचारलं. "मी एझ्रा डायसन. तुमच्याकडे कबुतरं पाठवली तर तुम्ही मला पत्रं पाठवता. ही कुठली पद्धत?"

हेस्टर पुढे झाली. "फाडली नाहीत ना?"

"फाडणार होतो. पहिलंच हातात घेतलं, आणि कुणीतरी लिहिलंय की गाडी गेली तर शेळी विकावी लागेल. म्हटलं शेळीचा काय संबंध? म्हणून दुसरं वाचलं. मग बायकोने जेवायला हाका मारल्या, तरी मी तिथेच बसलेलो." त्याने पुडकं हेस्टरला दिलं. "वाचायला नको होतं, मला ठाऊक आहे. पण सुनावणी कुठे आणि कधी, तेही त्यातूनच कळलं. रात्रभर बायकोने बोलून घेतलं. गुत्त्यातला निरोप सकाळी मिळाला, तेव्हा मी निघालोच होतो. आणि वर माझंही एक ठेवलंय. तुमच्या फलाटासारखी मोकळी जागा आठ परगण्यांत नाही. माझ्या पाखरांच्या वतीने लिहिलंय. चालेल का?"

वॉल्टर पुढे आला आणि त्याने म्हाताऱ्याच्या हातातली टोपली घेतली. "ही तरी रिकामी आहे ना?" त्याने विचारलं. टोपली आतून गुटुरगूं बोलली. फलाटभर हशा पिकला आणि ओल्डरॉइडसुद्धा हसले. त्यांनी कोटाच्या खिशातून वॉल्टरचा कागद काढून चार तुकडे केले, हे मी बघितलं.

नगरभवनाच्या पायऱ्यांवर हेस्टरने पुडक्यातून एक पाकीट शोधून काढलं. ती नोराजवळ गेली.

"हे तुझं. एकशे शहाऐंशी टेबलावर गेली काय अन् एकशे सत्याऐंशी गेली काय, कुणी मोजणार नाही. हवं तर पर्समध्ये ठेव."

नोराने पाकीट घेतलं. बराच वेळ हातात धरलं. मग ती आत गेली आणि पाकीट तिने इतरांबरोबर टेबलावर ठेवलं.

समितीचा कारकून पत्रं वाचू लागला. शेळी झाली, बेकरी झाली, कबुतरं झाली. माझं पत्र झालं. त्यात चहा आणि पाव याखेरीज काही नव्हतं. मग तो म्हणाला, "मिसेस नोरा हॅबरशॉ," आणि नोरा उठून उभी राहिली.

"माझं मीच वाचते," ती म्हणाली.

तिचा आवाज पहिल्या ओळीला कापला, दुसऱ्या ओळीला नाही. फेलवुडचं नाव तिने स्पष्ट घेतलं. सभागृहात दोन-अडीचशे माणसं होती आणि खुर्चीसुद्धा करकरली नाही. वाचून झाल्यावर ती बसली. तिच्या मागच्या रांगेत रशम होता; गाडी बंद करा म्हणणारं त्याचंही पत्र टेबलावर होतं. तो उठला, त्याने मोजे काढले आणि समितीला म्हणाला, "फेलवुडला माझी बस जात नाही, हे खरं आहे. रविवारी चालवणं मला परवडणारही नाही. हे लिहून घ्या."

त्याच्याकडून मला एवढ्याची अपेक्षा नव्हती. माणूस कधी चांगला वागेल सांगता येत नाही.

७

निकाल फेब्रुवारीत आला. गाडी राहिली. ओल्डरॉइड बदलीवर गेले, वॉल्टर पाठीला दोष देत अजून स्टेशन चालवतो, आणि रिकाम्या टोपल्यांचे पट्टे आता तो उघडून बघतो. पण मला सांगायचं आहे ते त्या सुनावणीनंतरच्या रविवारचं.

त्या दिवशी मी जिऱ्याचा केक केला, डब्यात भरला आणि कोट घालून चहाच्या खोलीला कुलूप लावलं. हेस्टर बाहेर बाकावर होती.

"रविवारी कुठे निघालीस?" तिने विचारलं.

"कॅनडाला," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

ती उठून जवळ आली. "सात वर्षं टपालतिकीट मागतेय मी तुला. एकदा दिलं असतंस तरच मला नवल वाटलं असतं."

"कळलं होतं, तर बोलली का नाहीस?"

"मालकाने ओळख पटवल्याशिवाय वस्तू परत करता येत नाही, ॲडा. तो नियम आहे." तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "जा. गाडी आली."

सिरिल आमच्या मार्गावर इंजिनात कोळसा टाकायचा. एका अपघातानंतर तो बोलेनासा झाला, मग भलतंच बोलू लागला. अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला फेलवुडला पोचवला आणि परत येऊन सगळ्यांना कॅनडा सांगितलं. पहिल्यांदा भीतीने गेले नाही. पुढे, इतके दिवस गेले नाही याच्या लाजेने गेले नाही.

डब्यात नोरा होती. तिने शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मी बसले.

"तो बरा आहे," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. "खिडकीशी बसतो, कीथच्या दोन खाटा पलीकडे. दर रविवारी मला गाड्यांचं विचारतो."

"पाच वर्षं तुला माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर मी तिथे काय करत होते, तेही सांगावं लागलं असतं ना," नोरा म्हणाली. आम्ही दोघी एकदम हसलो आणि मग पुढचे दोन थांबे मी तिचा हात सोडला नाही.

फेलवुडच्या लांब खोलीत तो खिडकीपाशी होता. केस पांढरे झालेले, खांदे तेच. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. मी काय काय ठरवून आले होते, त्यातलं काही आठवेना.

"कितीच्या गाडीने आलीस?" त्याने विचारलं.

"एक पंधराच्या."

"वेळेवर होती?"

"नाही," मी म्हणाले. "उशीर झाला. चार मिनिटं."

सिरिलने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. जराशाने त्याने माझ्यासाठी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"चार मिनिटं म्हणजे काही उशीर नव्हे, ॲडा," तो म्हणाला आणि केकचा डबा उघडू लागला.